धुऱ्यावरचा हिस्सा

सत्यवतीने लुगड्याची पिशवी कोपराने मागे सारली. हात मनगटापर्यंत चिखलाने भरले होते, म्हणून कोपराने. पिशवी धुऱ्यावरच्या ओल्या गवतावरून घसरली आणि अश्विनच्या बुटाला टेकून थांबली.

"लुगडं नोको," ती म्हणाली. "रोज सांग."

अश्विन हसला. आई थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. दामिनी त्याच्या मागे, सात महिन्यांच्या गुड्डीला कडेवर घेऊन उभी होती. धुरा जेमतेम दीड फूट रुंद होता आणि दोन्ही बाजूंच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, पाणी भरलेलं होतं, त्यामुळे तिला पुढेही जाता येईना आणि बाजूलाही होता येईना. तिला सासूचा चेहरा दिसत होता. तो थट्टेचा नव्हता.

"रोज? कायचा रोज?" अश्विनने विचारलं.

"तुही पोरगी सांभाळाचा. रोवण्याले जो भेटते तोच. अडीचशे."

दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. टोळीतल्या बायका धुऱ्यावर ओळीने बसून भात आणि अंबाडीची भाजी खात होत्या. त्यांच्या माना एकदम इकडे वळल्या. यंदा पाऊस उशिरा लागल्यामुळे सिहोऱ्याच्या शिवारात जुलै सरत आला तरी भाताची रोवणी चालू होती, आणि रविवार असला तरी टोळीला रविवार नव्हता.

"घ्या," टोळीची मुखिया चंद्रभागाबाई म्हणाली. "सत्यवती नोकरीले लागली."

"पेन्शन बी मागून घे व," दुसरी कोणी बोलली, आणि ओळ हसली.

अश्विनचे कान लाल झाले. त्याने आवाज खाली आणला.

"आई, तुही नातीन आहे ती."

"नातीन आहे म्हनून तं अडीचशे. दुसऱ्याची असती तं तीनशे सांगितले असते."

"लोक काय म्हनतीन? पोरगा मायले रोजी देते म्हनतीन."

"लोक काय म्हनतीन ते लोकायले विचार. मले रोज सांग."

येत्या गुरुवारी एक तारीख होती. त्या दिवसापासून दोघांनाही कामावर जायचं होतं. दामिनी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये तांदूळ तपासायचं काम करायची; बाळंतपणाची बिनपगारी सुट्टी संपली होती. अश्विन वीज खांबांवर चढणारा ठेकेदाराचा माणूस. ठेका संपला म्हणून तो पाच महिने घरी होता, आणि आता नवा ठेका सुटला होता. तुमसरमध्ये एक पाळणाघर होतं, ते दोन वर्षांखालचं मूल घेत नव्हतं. अंगणवाडीत बसवायला तीन वर्षं पूर्ण व्हावी लागत. दामिनीची आई तिच्या लग्नाआधीच गेली होती. राहिली सत्यवती. तिला विचारायचं असतं हेदेखील अश्विनला सुचलं नव्हतं. दामिनीने सुचवलं म्हणून त्याने लुगडं घेतलं होतं.

सत्यवती उठली आणि हात धुवायला पाटाकडे गेली. अश्विन तिच्या मागे गेला. दामिनी तिथेच बसली. गुड्डी चंद्रभागाबाईच्या ताटलीकडे झेपावत होती. चंद्रभागाबाईने भाताचं एक शीत बोटावर घेऊन तिच्या ओठाला लावलं.

मोजायची दामिनीला सवयच होती. मिलमध्ये दिवसभर ती तेच करायची, अख्खा दाणा किती आणि तुकडा किती. तिने बायका मोजल्या. सासू धरून चौदा. चंद्रभागाबाई मघाशी कोणाला तरी सांगत होती की या दोन बांध्यांचे पैसे संध्याकाळी पंधरा ठिकाणी वाटायचे आहेत.

"पंधरावा हिस्सा कोनाचा जी?" तिने विचारलं.

चंद्रभागाबाईने हनुवटीने दाखवलं. धुरा जिथे रुंद होत होता तिथे मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी पाय पसरून बसली होती. तिच्या भोवती पाच लेकरं होती. एक मांडीवर झोपलेलं, दोन चिखलाचे बैल करणारी, आणि दोन तिच्या पदराला धरून कशावरून तरी भांडणारी. तिच्या पायाला चिखल नव्हता.

"आनंदाबाई. आठ साल झाले, तिचे गुडघे वाकत नाई. लेकरं पाह्यते."

"पूर्ण हिस्सा देता?"

"मंग?" चंद्रभागाबाईला प्रश्नच कळला नाही. "ती तिथं बसली म्हनून आमचे दोनी हात इथं आहेत. तुह्या नवऱ्याले बी तिच्यासारख्याच एकीनं सांभाळलं. तवा तिचा हिस्सा सत्यवतीच्या रोजातून बी कापला जाय. इचार त्याले, आठवते का."

पाटाजवळ अश्विन हातवारे करत होता. सत्यवती पाण्यात हात घासत होती आणि मान वर करत नव्हती. तो परत आला तेव्हा लुगड्याची पिशवी त्याने उचललीच नाही. दामिनीने उचलली.

*

"नऊ हजार तुहा पगार," अश्विन म्हणाला. "साडेसहा आईले. उरले अडीच. त्यात तुहं पेट्रोल. हजार-दीड हजारासाठी पोरगी सोडून जाशील?"

ते तुमसरच्या त्यांच्या दोन खोल्यांत होते. दिवेलागणीची वेळ होती. गुड्डी चटईवर पालथी पडून एका चमच्याकडे सरकायचा प्रयत्न करत होती आणि दर खेपेला थोडी मागेच जात होती. अश्विनने मोबाइलवरचा आकडा दामिनीसमोर धरला. आकडा बरोबर होता.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिला एक गोष्ट शिकवली होती. उत्तर विचित्र आलं की आधी बेरीज तपासायची नाही. आधी आकडा कोणत्या रकान्यात लिहिला आहे ते पाहायचं.

"तुमचा पगार किती जी?" तिने विचारलं.

"तुले माहीत नाई का? अकरा."

"त्यातून साडेसहा काढा."

"काहून?"

"काढून तं पाहा."

त्याने काढले. "साडेचार."

"तुमचं पेट्रोल माह्याहून जास्त. दिवसाचे दोन चहा, एक तंबाखूचा खर्रा. दोन-सव्वादोन उरले. तेवढ्यासाठी खांबावर कायले चढता?"

अश्विनने मोबाइल चटईवर उलटा ठेवला. गुड्डीने चमचा सोडून मोबाइलकडे तोंड वळवलं.

"तसं नसते ते," तो म्हणाला.

"कसं असते?"

खिडकीबाहेर शेजारच्या सुंदरबाई बकरीला हाकत होत्या. अश्विनने उठून खिडकी लोटली.

"पाच महिने तुमी सांभाळली हिले," दामिनी म्हणाली. "चांगली सांभाळली. तेव्हा तुमाले कोनी विचारलं नाई, घरी बसनं परवडते का म्हनून."

"मी माह्या पोरीसाठी केलं. पैशासाठी नाई केलं."

"आई बी पैशासाठीच रोवते. वाईट रोवते का?"

"तू वकील नाई, लॅबवाली आहे," अश्विन म्हणाला. यात थोडा राग होता आणि थोडं हसूही होतं, पण राग जास्त होता. "माह्या मायले रोजी देनं मले जमनार नाई. ऑफिसात मानसं काय म्हनतीन, तुले मालूम नाई."

दामिनीने मोबाइल उचलला, गुड्डीची लाळ ओढणीने पुसली आणि सत्यवतीचा नंबर लावला. अश्विन तिच्याकडे पाहत होता. पलीकडून बराच वेळ उचलला गेला नाही. मग चुलीचा जाळ फुंकल्यासारखा आवाज आला.

"आई, मी दामिनी. अडीचशे कबूल. गुरुवारी पाह्यटच्या गाडीनं या."

पलीकडे सत्यवतीने फक्त "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. आशीर्वाद नाही, काळजी नको करू नाही. दामिनीलाही ते थोडं लागलं. ते तिने अश्विनला दिसू दिलं नाही.

*

गुरुवारी सात वाजता सत्यवती एक कापडी पिशवी घेऊन आली. चहा प्यायली, हात धुतले, दामिनीकडून गुड्डीच्या झोपेच्या आणि खाण्याच्या वेळा ऐकल्या, एकदा परत म्हणून दाखवल्या. मग ती म्हणाली:

"भांडे मी नाई घासत. पोरीसाठी आली, भांड्यासाठी नाई. तिचे कपडे धुईन, तुमचे नाई. शनिवारी सांजेले हिस्सा घेईन न गावाले जाईन. सोमवारी येईन."

"हो," दामिनी म्हणाली.

"तू काही म्हनत नाई?" सत्यवतीने मुलाला विचारलं.

"मी काय म्हनू?" अश्विन म्हणाला आणि हेल्मेट घेऊन बाहेर पडला.

मिलमधली दामिनीची लॅब म्हणजे आठ बाय दहाची खोली. एक लोखंडी टेबल, ओलावा मोजायचं यंत्र, चाळण्या, काटा, काळी थाळी आणि एक चिमटा. पोत्यात परखी खुपसून नमुना काढायचा, तो मिसळायचा, वाटायचा, शेवटी थाळीत चिमूटभर तांदूळ उरतो, तो दाणा दाणा वेगळा करायचा. अख्खा, तुकडा, डागी, पिवळा. सरकारी गोदामात जाणाऱ्या मालात तुकडा ठरलेल्या टक्क्यांवर गेला की अख्खी गाडी परत येते. तिच्या सुट्टीत दोन गाड्या परत आल्या होत्या. म्हणून तिची जागा ठेवली गेली होती, हे तिला ठाऊक होतं. मुनीम घनश्याम यांना ते ठाऊक होतं, पण आवडत नव्हतं.

"शेठनं सांगितलं," घनश्याम पहिल्याच दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "पहिल्या महिन्यात एक बी खाडा नोको. बारा तारखेले, सोमवारी, तपासणीवाले येऊन राहिले. त्या दिवशी या खुर्चीवर मानूस नसला, तं मंग शेठ म्हनते दुसरा बसवू. माही भाची रिता बी बीएस्सी आहे. तिच्या घरी लेकरू नाई न काही नाई."

"मी असेन," दामिनी म्हणाली.

"लेकराचं काही सांगता येत नाई ना बाई. आज सर्दी, उद्या पोट."

"मी असेन, मुनीमजी."

अकरा वाजता तिच्या छातीत दूध दाटलं. गुड्डीची तीच वेळ होती. कुर्त्यावर दोन ओले डाग उमटले. तिने ओढणी पुढे घेतली, नळावर जाऊन दूध पिळून टाकलं, तोंड धुतलं आणि परत येऊन थाळीत उरलेले दाणे जिथे सोडले होते तिथून पुढे मोजले. एकशे बारा.

शनिवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सत्यवती पिशवी भरून उंबऱ्यावर बसली होती. गुड्डी तिच्या मांडीवर होती. पोरीच्या केसांना तेल होतं, नखं कापलेली होती आणि डोळ्यांत झोप पुरी झाल्याचं समाधान होतं. अश्विन आत खाटेवर मोबाइल पाहत पडला होता.

दामिनीने तीन दिवसांच्या हिश्शाचे अर्धे सत्यवतीच्या हातात ठेवले.

"न उरलेले?"

"ते त्यायनं द्याचे."

सत्यवतीने आत पाहिलं. "अश्विन."

"मी देनार नाई म्हनून पहिलेच सांगितलं होतं," तो खाटेवरून म्हणाला.

सत्यवती उठली. आत जाऊन तिने गुड्डीला त्याच्या पोटावर बसवलं.

"बरं. मंग सोमवारपासून बारा वाजेपर्यंत मी. माहा अर्धा रोज झाला. बारा वाजता तू खांबावरून उतरून घरी ये. तिले बाराले खिचडी लागते, पातळ. एकाले झोपवाचं. झोपताना एक हात धरून ठेवते, सोडवाचा नाई, नाईतं उठते."

गुड्डीने अश्विनच्या नाकात बोट घातलं. मग त्याने खिशातून पाकीट काढलं आणि न बघता एक नोट पुढे केली. सत्यवतीने नोट पाहिली, कमरेचा बटवा सोडला आणि वरचे पैसे मोजून परत दिले.

"जास्तीचे मले नोको," ती म्हणाली. "माहा हिस्सा तेवढा पाह्यजे."

ती गेल्यावर अश्विनने पाकीट खाटेवर टाकलं. मग म्हणाला, "आपल्याच घरात आपली माय नोकरासारखी बोलते. तुले काही वाटत नाई?"

दामिनीला वाटत होतं. चार वर्षं झाली या घरात येऊन, पण सासूने तिच्याशी कधी जवळिकीचं बोलणं केलं नव्हतं. तिला मनातून वाटलं होतं की गुड्डीमुळे ते होईल. आता त्यांच्यामध्ये शनिवारची संध्याकाळ आली होती.

"नोकर असं बोलत नाई," ती म्हणाली. "नोकराले इतकं बोलता येत नाई."

*

बारा तारखेच्या सोमवारी साडेसहाला फोन वाजला. दामिनी आंघोळ करून केस पुसत होती. पलीकडे चंद्रभागाबाई होती आणि तिच्या मागे चिखलणीच्या ट्रॅक्टरचा आवाज.

"सत्यवतीले ताप आहे व. ती येत नाई आज."

"अवं पन, बाई..."

फोन बंद झाला होता. दामिनीने परत लावला. वाजत राहिला. सत्यवतीचा लावला. तोही वाजत राहिला.

अश्विन शर्टाची बटणं लावत बाहेर आला. तिने सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. बराच काळ वाट पाहिलेली गोष्ट आली की माणूस जशी हलवतो, तशी.

"हेच म्हनून राहिलो होतो मी. अडीचशे घेताना बम कायदे. आता?"

"ताप आलाय त्यायले."

"ताप काय, येतेच. म्हनूनच तं. पैशे घेतले काय न नाई घेतले काय, शेवटी घरी तूच."

"आज तुमी थांबा."

"मी?" त्याने बुटात पाय घातला. "नवा ठेका आहे. बारा दिवस नाई झाले. सुपरवायझर एका खाड्यात नाव कापते."

"माही बी नोकरी एका खाड्यातच जाते. आज तपासणी आहे. तुमाले माहीत आहे."

"माहीत आहे. मी काय म्हनू? मिल तं इथं बऱ्याच आहेत. दुसरी पाह्यता येईन. खांब दुसरा भेटत नाई."

तो हे चिडून बोलला नाही. आज पाऊस येईल, छत्री घे, असं सांगावं तसं बोलला. दामिनीने पिशवी काढली. त्यात खिचडीचा डबा, दुधाची बाटली, तीन लंगोट, एक चादर आणि तो चमचा टाकला. कालच्या नमुन्यांची वही वर ठेवली. जुनं सुती लुगडं दुहेरी केलं, गुड्डीला छातीशी घेतलं आणि खांद्यावरून गाठ मारली.

"हे काय?" अश्विन म्हणाला.

"घेऊन जाते."

"मिलमधी? कोंड्याच्या धुळीत? तपासणीवाल्यायसमोर?"

"तुमच्या खांबावर तं नेता येत नाई."

"पागल झाली का? मुनीम दारातून परत धाडन."

"धाडू द्या. लेकरू आहे म्हनून परत धाडलं, हे त्यायच्या तोंडानं निघू द्या. मी घरी बसली म्हनून जागा गेली असं कोनी म्हननार नाई."

गुड्डी तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांना धरून होती. दामिनीने स्कुटीची किल्ली घेतली आणि दार उघडलं. समोर सुंदरबाई कोणाला तरी हात करून त्यांचंच घर दाखवत होत्या.

गल्लीतून एक म्हातारी येत होती. चपला हातात, पायांना घोट्यापर्यंत वाळलेला चिखल, एका हातात काठी. दर चार पावलांनी थांबत होती. दामिनीला ती ओळखायला वेळ लागला, कारण तिने तिला फक्त बसलेली पाहिली होती.

"सत्यवतीची सून तूच ना व?" आनंदाबाईने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पायरीवर बसली. "गाडीतून उतरली तं दोघांनं दोन रस्ते सांगितले. दे इकडे. न हिले अशी कायले बांधली?"

"तुमी कशा आल्या?" दामिनीने विचारलं.

"यष्टीनं."

"नाई, म्हंजे..."

"बदली आहे मी." आनंदाबाईने पाय चोळत सांगितलं. "सत्यवतीची."

दारात अश्विन एका बुटाची नाडी बांधून, दुसरी हातात धरून वाकलेला होता. तो तसाच राहिला.

"चंद्रभागाबाईनं फोन केला," दामिनी म्हणाली, "पन ती बोलली नाई बदली येते म्हनून."

"हे बी बोलावं लागते का?" म्हातारीला खरंच नवल वाटलं. "जी हिस्सा घेते ती बदली देते. ताप येवो का घरी मयत होवो. टोळीत कोनी येत नाई म्हनलं, तं दुसरी कोन येते हे कोनी विचारत नाई. येतेच. पाह्यटे सत्यवती माह्या दारात आली, अंग असं तपत होतं. म्हने, सूनबाईचं आज मोठं काम आहे, तू जा."

"न तिथले लेकरं?" अश्विनने विचारलं.

"चंद्रभागा बसली धुऱ्यावर. आज दोन हात कमी रोवतीन. मंग काय."

अश्विन सरळ उभा राहिला. त्याने खिशाकडे हात नेला. "तुमाले किती..."

"तू कायले देते? सत्यवतीनं देले ना. तिच्यातूनच जातात ते." तिने पदराची गाठ चाचपून दाखवली. मग अश्विनकडे नीट पाहून म्हणाली, "तुले नाई माहीत? तुह्या मायच्या ओळीतच वाढला न तू."

"आई फुकट आली असती तं?" दामिनीने विचारलं. हे तिने आनंदाबाईला विचारलं, पण ती पाहत अश्विनकडे होती.

"फुकट येते तिले तिचंच दुखनं पुरते, माय. ती बदली कुठून आनन?"

दामिनीने खांद्यावरची गाठ सोडली. गुड्डी म्हाताऱ्या हातात गेली, तोंड वाकडं करावं की नाही याचा एक क्षण विचार केला, आणि काठीच्या मुठीला धरून शांत झाली. आनंदाबाईने तिच्या पोटावर हात ठेवून पाहिलं. "खाल्लं नाई अजून हिनं. काय खाते?"

दामिनीने वेळा सांगितल्या. बाराला खिचडी, पातळ. एकाला झोप. झोपताना हात धरते.

"सोडवाचा नाई," अश्विन म्हणाला. "नाईतं उठते."

दामिनीने त्याच्याकडे पाहिलं. तो दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकला होता. बांधून झाल्यावर तो आत गेला, तांब्याभर पाणी आणून त्याने पायरीवर ठेवलं, आणि गल्लीत आडवी उभी असलेली स्वतःची मोटारसायकल तिच्या स्कुटीच्या वाटेतून मागे ओढली.

सात पन्नासला ती मिलच्या फाटकातून आत शिरली. तपासणीची गाडी अजून आली नव्हती. लॅबचं दार उघडं होतं. टेबलाशी, तिच्या खुर्चीवर, बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी ताठ बसली होती. चिमटा हातात धरायचा की नको हे तिला ठरवता येत नव्हतं. शेजारी घनश्याम उभे होते.

"अरे, आल्या का," ते म्हणाले. "तुमच्या गल्लीतल्या हमालानं सांगितलं, तुमच्या सासूबाई आज आल्याच नाई. म्हनून रिताले म्हनलं, बसून तं पाह्य जरा. लेकरू कोनाजवळ?"

"बदली आली आहे," दामिनी म्हणाली.

"कायची बदली?"

तिने वही टेबलावर ठेवली, ओढणीची टोकं मागे बांधली, आणि मुलगी उठेपर्यंत खुर्चीजवळ उभी राहिली.